नहेम्याने लाकूडही मागितले

परदेशी निघालेल्या तरुणांसाठी आपल्या मराठी मंडळ्यांत निरोपाची प्रार्थना होते. अहिल्यानगरला होते, जालन्यात होते, पुण्या-मुंबईतही होते. त्या वेळी एक वाक्य हमखास कानी पडते: देव तयार असलेल्यांना बोलावत नाही, बोलावलेल्यांना तयार करतो. सगळे "आमेन" म्हणतात. वाक्यात तथ्य आहे, म्हणूनच ते इतके टिकले. पण त्याच्या आडून एक निष्कर्षही मंडळीत शिरला आहे आणि तो घातक आहे. तो असा, की ज्याला आपली तयारी कमी वाटते, त्याचा विश्वासच कमी आहे.

हा निष्कर्ष काय करतो ते पाहा. नर्सिंग करून जर्मनीला निघालेली एखादी मुलगी म्हणते, "पास्टर, जर्मनची बी-टू परीक्षा पास झाले, पण वॉर्डातली म्हातारी माणसं त्यांच्या बोलीत बोलायला लागली तर मला कळेल का? भीती वाटते." तिला उत्तर मिळते, "भिऊ नकोस बाळा, विश्वास ठेव." उत्तर प्रेमाने दिलेले असते. पण तिचा प्रश्न भाषेचा होता आणि तो तसाच राहिला. वर नवी टोचणी लागली: आपण भितो म्हणजे आपण अल्पविश्वासी. तिकडे गेल्यावर खरोखर अडचण आली, तर ती घरी फोनवर "सगळं छान चाललंय" एवढेच सांगते. अडचण सांगितली तर साक्ष बिघडेल, असे तिला वाटते.

माझे म्हणणे असे, की हे मत शास्त्राला धरून नाही, मंडळीच्या इतिहासाला धरून नाही आणि त्यात माणसाचे भलेही नाही. विश्वास हा तयारीचा पर्याय नाही. तयारी जिथे अपुरी आहे तिथे ती अपुरी आहे असे खरे बोलण्याचे, मदत मागण्याचे आणि तरीही पाऊल उचलण्याचे बळ म्हणजे विश्वास.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडू. त्याच्या बाजूने शास्त्रातले चार दाखले दिले जातात. अब्राहाम कुठे जायचे हे ठाऊक नसताना निघाला आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याला विश्वासाच्या वीरांत स्थान मिळाले. मोशे जड जिभेचा होता, तरी फारोपुढे उभा राहिला. येशूने शिष्यांना पाठवताना थैली, झोळी, वहाणा काहीच बरोबर घेऊ नका असे सांगितले. आणि एज्राला तर राजाकडे संरक्षणासाठी स्वार मागायची लाज वाटली, कारण आमचा देव आम्हांला सांभाळतो असे तो राजाला सांगून बसला होता. त्यावर मिशनच्या इतिहासातली दोन नावे येतात: मोचीकाम करणारा विल्यम कॅरी आणि मोलकरणीचे काम करणारी ग्लॅडिस एलवर्ड. इतके साक्षीदार एका बाजूला असताना तयारीचा आग्रह धरणे म्हणजे जगाच्या शहाणपणाला शरण जाणे, असा हा युक्तिवाद आहे.

साक्षीदार खरे आहेत. पण त्यांची साक्ष पुरती ऐकली, तर ती उलट बाजूला जाते.

अब्राहामापासून सुरुवात करू. मुक्काम कुठला हे त्याला ठाऊक नव्हते, पण तो हात हलवत निघाला नव्हता. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात त्याच्या प्रवासाची नोंद आहे: बायको, पुतण्या, हारानात मिळवलेली सगळी मालमत्ता आणि माणसे घेऊन तो निघाला. त्याच अध्यायात पुढे दुष्काळ पडतो, तो मिसरात उतरतो, परक्या मुलखात जिवाला घाबरतो आणि सारायला आपली बहीण म्हणून सांगायला लावतो. भीती त्याची होती, किंमत सारायने मोजली. फारोच्या घरात तिला नेण्यात आले. शास्त्र हे लपवत नाही. विश्वासाचा पिता परदेशात भ्याला होता. आपण मात्र विशीतल्या मुलीला भ्यायचीही मोकळीक देत नाही.

मोशेची गोष्ट याहून बोलकी आहे. जळत्या झुडपापाशी त्याने एकामागून एक अडचणी मांडल्या: मी कोण, लोक विचारतील तेव्हा तुझे नाव काय सांगू, ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही. यांतल्या एकाही अडचणीवर देव रागावला नाही. प्रत्येकीला त्याने उत्तर दिले, खूण दिली, वचन दिले. राग आला तो शेवटी, "दुसऱ्या कुणालाही पाठव" म्हणून मोशेने जायलाच नकार दिला तेव्हा. म्हणजे अपुरेपणाची कबुली आणि नकार या देवाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रागातही देवाने काय केले? मोशेची जीभ त्या क्षणी मोकळी केली नाही. बोलता येणारा भाऊ, अहरोन, बरोबर दिला. उणीव चमत्काराने मिटली नाही, माणसाने भरून काढली. शिवाय मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत शिकला होता आणि मिद्यानात त्याने चाळीस वर्षे काढली होती, हे प्रेषितांची कृत्ये सांगते; तिथल्या रानात तो मेंढरे राखत होता. पुढे ज्या रानातून त्याला लोकांना न्यायचे होते, ते रान त्याच्या पायांना ओळखीचे होते.

आता थैली-झोळीचा मुद्दा. बारा शिष्यांना पाठवताना येशूने परराष्ट्रीयांकडे जाऊ नका असे स्पष्ट सांगितले होते, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे. तो प्रवास स्वतःच्या मुलखातला होता: भाषा तीच, पाहुण्याला दार उघडण्याची रीत तीच, परतीची वाट चार दिवसांची. तो परदेशगमनाचा नियम करणे म्हणजे वचन त्याच्या जागेवरून उचलून भलतीकडे ठेवणे. आणि लूकच्या बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू स्वतःच ती जुनी आज्ञा आठवून देतो. तेव्हा काही कमी पडले का, असे विचारतो. काही नाही, असे शिष्य सांगतात. मग तो म्हणतो, आता मात्र ज्याच्याकडे थैली आहे त्याने ती घ्यावी, झोळीही घ्यावी. त्याच वचनातल्या तलवारीच्या उल्लेखावर टीकाकारांनी बरीच शाई खर्च केली आहे, पण थैलीबद्दल वाद नाही. काळ बदलला, धोका वाढला, तशी प्रभूची सूचना बदलली. विश्वासाची शिकवण पहिल्या आज्ञेत जितकी आहे तितकीच दुसरीत आहे.

राहिला एज्रा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत बळकट साक्षीदार आहे. त्याने स्वार मागितले नाहीत, अहवा नदीकाठी उपास केला आणि देवाने त्याला सुखरूप नेले. पण हाच अध्याय पुढे वाचावा. उपास संपताच एज्राने बारा मुख्य याजक निवडले, सहाशे पन्नास किक्कार चांदी, शंभर किक्कार सोने आणि पात्रे त्यांच्यासमोर वजन करून त्यांच्या हवाली केली, आणि यरुशलेमेत पोहोचल्यावर चौथ्या दिवशी सगळे पुन्हा वजन करून घेतले, त्याची नोंद केली. ज्याने राजाचे सैन्य नाकारले, त्याने तराजू नाकारला नाही. आणि त्याच वाटेने त्याच्यामागून गेलेला नहेम्या काय करतो? शूशनच्या राजवाड्यात त्याला यरुशलेमेची वाईट बातमी किस्लेव महिन्यात कळली आणि राजापुढे तोंड उघडायची वेळ नीसानात आली. मधले चार महिने तो प्रार्थना करत होता. राजाने विचारले तेव्हा तो फार घाबरला, असे तो स्वतःच लिहितो. मनात देवाचा धावा केला आणि मग मागण्या सांगितल्या: नदीपलीकडच्या सुभेदारांना द्यायची पत्रे, आणि वेशींसाठी, तटासाठी, स्वतःच्या घरासाठी लाकूड मिळावे म्हणून राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाचे पत्र. चार महिन्यांच्या प्रार्थनेतून यादी तयार झाली होती. त्याच्याबरोबर राजाचे सरदार आणि स्वार गेले, तरी त्याला कुणी अल्पविश्वासी म्हटले नाही. एज्रा आणि नहेम्या यांची पुस्तके शास्त्रात शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत. एकाने स्वार नाकारले, दुसऱ्याने घेतले. हिशेब मात्र दोघांनीही सोडला नाही.

इतिहासातल्या साक्षीदारांकडे वळू. कॅरी मोची होता हे खरे. पण त्याच माणसाने स्वतःच्या हिमतीवर लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा शिकून घेतल्या होत्या, आणि 1792 मध्ये मिशनकार्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत जगातल्या देशांचा विस्तार, लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते दिले होते. भाषा शिकण्याची सवय घेऊनच तो बंगालात उतरला; म्हणून तर पुढे 1805 मध्ये त्याच्या हातून मराठीचे व्याकरण झाले आणि 1811 मध्ये तिथल्याच, बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. त्याची तयारी पक्की होती. तयारी नव्हती ती त्याच्या बायकोची. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली करणाऱ्या डोरोथीने हिंदुस्थानात यायला आधी नकार दिला होता. जहाज लांबले, तेवढ्या अवधीत तिचे मन वळवण्यात आले, आणि बहीण सोबत येणार या अटीवर तान्हे मूल घेऊन ती 1793 मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. डोरोथीचे मन त्यातून सावरले नाही. 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती मानसिक आजारात खितपत राहिली. कॅरीचे ऋण मराठी भाषेवर आहे आणि ते मी कृतज्ञतेने मानतो. म्हणूनच डोरोथीचे नावही त्याच पानावर लिहिले पाहिजे. एकाच्या पाचारणात दुसऱ्याची तयारी गृहीत धरली, की बिल त्या दुसऱ्याच्या नावावर फाटते.

ग्लॅडिस एलवर्डला चायना इनलँड मिशनने नाकारले, कारण या वयात तिला चिनी भाषा येईल असे त्यांना वाटेना. तिने मोलकरणीच्या पगारातून सायबेरियामार्गे जाणाऱ्या गाडीच्या तिकिटाचे पैसे साठवले आणि 1930 च्या दशकात ती शान्सी प्रांतातल्या यांगचेंगला पोहोचली. हा दाखला तयारीविरुद्ध देतात. पण ती कुणाकडे गेली ते पाहा: आयुष्य चीनमध्ये काढलेल्या जेनी लॉसन या वृद्ध स्कॉटिश बाईकडे. खेचरवाल्यांसाठी दोघींनी खाणावळ-धर्मशाळा काढली आणि त्या खेचरवाल्यांच्या तोंडून ग्लॅडिस भाषा शिकली. संस्थेचे प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हते. गुरू, काम आणि रोज बोलायला माणसे होती. आणि ज्या मिशनने तिला नाकारले, त्याचा संस्थापक हडसन टेलर पैशासाठी माणसापुढे हात न पसरण्याबद्दल प्रसिद्ध होता. पण चीनला जाण्याआधी त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि हलक्या अन्नावर, थोड्या खर्चात राहण्याचा सराव केला. त्याच्या मिशनमध्ये नवे आलेले लोक आधी भाषाशाळेत बसत. विश्वासावर चालणारे मिशन म्हणून ज्याचे नाव घेतात, त्याचा रिवाज हा होता.

इथे दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येईल आणि त्यालाही उत्तर दिले पाहिजे. कुणी म्हणेल, मग विश्वासाचे कामच काय उरले? भाषा शिका, कागद तपासा, पैसे साठवा, झाले. देवाचे नाव ही केवळ मनाची समजूत. हे मतही तितकेच चुकीचे आहे, कारण परदेशातल्या आयुष्याची पूर्ण तयारी कुणालाच करता येत नाही. तयारीचा आराखडा मोडतो तेव्हा माणूस कशावर उभा राहतो, हा प्रश्न उरतोच. याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण पंडिता रमाबाई आहेत.

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. नवरा वारून वर्ष उलटलेले, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, इंग्रजीचे धडे पुण्यात अलीकडेच सुरू झालेले. तरी त्यांनी जमेल तेवढी तयारी केली होती. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला, आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांना मराठी शिकवून आपल्या राहण्याचा मोबदला द्यायचे ठरवले. इरादा वैद्यकी शिकण्याचा होता. तो आराखडा पुरता कोसळला. कानांनी दगा दिला आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा त्यांचा विश्वास मान डोलावणारा नव्हता. त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला, पटले नाही ते पटले नाही म्हणून सांगितले. आणि शिकणे थांबवले नाही: चेल्टनहॅमला डोरोथिया बील यांच्या महाविद्यालयात त्या शिकल्या, संस्कृत शिकवले, 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती अभ्यासली, 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले, 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडले. डॉक्टर होण्याची वाट बंद झाली तिथून शाळेची वाट निघाली. तयारीने त्यांना परदेशी पोहोचवले; तयारी मोडली तेव्हा विश्वासाने त्यांना मोडू दिले नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

आनंदीबाई भगत यांची आठवण मात्र आपल्याला सोडता कामा नये. त्यांच्या मनात शेवटी काय होते यावर भाष्य करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण परक्या देशात मन कोलमडू शकते, विद्या आणि धैर्य असलेल्या माणसांच्या सोबतीतही कोलमडू शकते, एवढे त्यांच्या मृत्यूतून कळते. अशा वेळी "प्रार्थना कर" एवढेच सांगणारी मंडळी आपले अर्धे कर्तव्यही करत नाही. डॉक्टरकडे पाठवणे, जवळच्या माणसाला तिच्याकडे धाडणे, गरज पडल्यास परतीचे तिकीट काढून देणे, हेही मंडळीचे काम आहे.

परदेशातल्या विश्वासाचे खरे रूप शास्त्रात दोन ठिकाणी मला दिसते. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले आशेचे वचन आपण भिंतीवर लावतो. ते बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळे सुटून परत येतील. यिर्मया सांगतो, सत्तर वर्षे. म्हणून घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्या शहराच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा. लोकांना बरे वाटेल असे बोलणारा खोटा ठरला आणि लांब पल्ल्याची तयारी करायला लावणारा खरा. दुसरे ठिकाण करिंथ. आपण तिथे अशक्तपणाने, भीत आणि कापत आलो होतो, असे पौल स्वतः करिंथकरांना लिहितो. त्या शहरात त्याने आधी काय केले? रोममधून हाकलून दिलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे शोधले, त्यांचाही राहुट्या करण्याचाच धंदा होता म्हणून त्यांच्याकडे राहून काम धरले. भिऊ नको, हे प्रभूचे आश्वासन त्याला त्यानंतर मिळाले, आणि तो तिथे दीड वर्ष राहिला. आज दुबईत किंवा टोरांटोत पहिल्या आठवड्यात आपल्या गावचा, आपल्या कामाचा माणूस शोधणारा तरुण पौलाच्याच वाटेने चालला आहे.

तेव्हा तयारी कमी वाटते आहे, असे मन सांगू लागले तर ती भावना दाबू नये, तिची फोड करावी. तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, जी उणीव भरता येते: भाषा, स्वयंपाक, बँकेचे व्यवहार, तिथल्या थंडीचे कपडे, कामाच्या ठिकाणचे नियम. ती भरावी, त्यासाठी प्रार्थनेचा आडोसा घेऊ नये. दुसरी, जे कुणालाच आधी कळणार नाही: तिथली माणसे कशी भेटतील, आई आजारी पडली तर काय होईल, जीव रमेल का. ते देवाच्या हाती सोपवावे. कितीही याद्या केल्या तरी ते आपल्या हातात येणार नाही. तिसरी, जी धोक्याची सूचना आहे: एजंट करारपत्र दाखवत नाही, टुरिस्ट व्हिसावर चल, कामाचा तिकडे गेल्यावर बघू म्हणतो, मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेतो. या भीतीला विश्वासाच्या नावाखाली गप्प करणे पाप आहे. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत नोकरीला जायचे तर पासपोर्टवरच्या ईसीआर शेऱ्यामुळे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. ती यादी पाहणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, असे येशूला सांगणारा सैतान होता आणि त्याने त्यासाठी स्तोत्राचाच आधार दिला होता. देवाची परीक्षा पाहू नये, हे येशूचे उत्तर आपल्या प्रत्येक निरोपसमारंभाला लागू आहे.

एक गोष्ट आणखी सांगायची. तयारी विमान उतरल्यावर संपत नाही. इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. मधली सदतीस वर्षे तो इथल्या माणसांची बोली आणि इथल्या पुराणांची ओवी शिकत होता. त्यातून अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा मराठी ग्रंथ झाला. आलेल्या दिवशी त्याला मराठीचे अक्षर येत नव्हते. त्या अपुरेपणाचे त्याने प्रदर्शन मांडले नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. तो शिकत राहिला.

म्हणून पाळकांना, फादरांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. परदेशी निघालेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी त्याला विचारा: करारपत्र वाचलेस का, एजंटची नोंदणी पाहिलीस का, तिथल्या मंडळीचा पत्ता घेतलास का, अडचण आली तर पहिला फोन कुणाला करशील? तो म्हणाला, भीती वाटते, तर ऐकून घ्या. त्याची भीती फोडून दाखवा. जिथे माणूस लागेल तिथे अहरोन शोधून द्या. आणि मग पूर्ण मनाने प्रार्थना करा. निघणाऱ्यांनो, तुम्हीही एवढे धरून ठेवा: तुमची भीती तुमच्या विश्वासाविरुद्धचा पुरावा नाही. ती देवाला सांगा, माणसांना सांगा, यादी करा आणि निघा.